दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉल लीगमधील अविस्मरणीय ग्रँड फायनल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲडलेडमध्ये नव्याने राहायला आलेली मराठी मंडळी सप्टेंबर उजाडला की एकाच प्रकारचे प्रश्न विचारू लागतात, कारण कचेरीतला शेजारी अचानक १९७८ सालच्या एका सामन्यावरून तावातावाने भांडताना दिसतो आणि तो कशाबद्दल बोलतो आहे याचा पत्ता लागत नाही. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही. तेथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही लीग नेमकी कोणती? टीव्हीवर दिसणारी एएफएल आणि ही एकच का?

नाही. आधी एक खुलासा : येथे फुटबॉल म्हणजे सॉकर नव्हे, तर लांबट चेंडूचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल. एएफएल (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) ही सगळ्या देशाची स्पर्धा आहे आणि ती मेलबर्नच्या जुन्या लीगमधून वाढली. येथे ज्या लीगबद्दल लिहिले आहे ती साउथ ऑस्ट्रेलियन नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एसएएनएफएल. तिची संघटना १८७७ साली ॲडलेडमध्ये स्थापन झाली. १९९१ साली ॲडलेड क्रोज हा संघ एएफएलमध्ये उतरेपर्यंत या राज्यातील माणसासाठी ‘फुटबॉल’ म्हणजे हीच लीग होती. नॉरवूड, पोर्ट ॲडलेड, स्टर्ट, ग्लेनेल्ग ही नावे उपनगरांची आणि संघांचीही. कोणत्या संघाला पाठिंबा द्यायचा हे बहुतेक घरांत जन्मापूर्वीच ठरलेले असे.

२. ‘१६.१५ (१११)’ असा गुणफलक कसा वाचायचा?

मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथेने पार केला की गोल, त्याचे सहा गुण. मधला आणि बाजूचा खांब यांच्यामधून गेला तर बिहाइंड, त्याचा एकच गुण. फलकावर आधी गोल, मग बिहाइंड आणि कंसात एकूण गुण लिहितात. म्हणजे १६ गोलांचे ९६, त्यात १५ बिहाइंड मिळवून १११. हा हिशेब एकदा अंगवळणी पडला की जुने निकाल कथेसारखे वाचता येतात, कारण कोणी संधी साधल्या आणि कोणी वाया घालवल्या हे त्या दोन आकड्यांतच दिसते. प्रश्न ६ मधला निकाल त्या दृष्टीने मुद्दाम पाहावा.

प्रत्येक संघाचे अठरा खेळाडू मैदानात असतात, सामना चार क्वार्टरचा असतो आणि लाथेने मारलेला चेंडू हवेत स्वच्छ पकडला तर त्याला ‘मार्क’ म्हणतात. मार्क घेणाऱ्याला विनाअडथळा लाथ मारण्याची संधी मिळते. हा एक नियम लक्षात ठेवला तरी पुढची बरीच भांडणे समजतील.

३. अंतिम सामन्याला ‘ग्रँड’ फायनल का म्हणतात? नुसती फायनल का नाही?

याचे मूळ जुन्या आव्हान पद्धतीत आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीसेक वर्षांत साखळीत अव्वल राहिलेल्या संघाला एक खास हक्क होता : तो बाद फेरीत किंवा फायनलमध्ये हरला, तर विजेत्याला पुन्हा एकदा आव्हान देता येत असे. असा जादा सामना झाला तर तो खरा निर्णायक, म्हणून ‘ग्रँड’. १९३१ सालापासून चार संघांची नवी पद्धत आली आणि तेव्हापासून ग्रँड फायनल दरवर्षी ठरलेलीच झाली. नाव मात्र जुनेच राहिले.

४. पहिली ग्रँड फायनल कधी झाली?

१८८९ साली, तीही नाइलाजाने. त्या काळी गुणतक्त्यात पहिला येणारा संघच विजेता ठरत असे आणि शेवटी वेगळा सामना नसे. त्या वर्षी नॉरवूड आणि पोर्ट ॲडलेड बरोबरीत राहिले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये ॲडलेड ओव्हलवर एक निर्णायक सामना घ्यावा लागला. नॉरवूडने सात गोल केले, पोर्टने पाच. बिहाइंडची नोंद होत असे, पण त्यांना गुण नव्हते. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील पहिली ग्रँड फायनल म्हणून या सामन्याचे नाव घेतले जाते. गंमत अशी, की या दोन संघांचे वैर आज सव्वाशे वर्षांनंतरही लीगमधले सर्वांत कडवे वैर मानले जाते. सुरुवातीलाच जे जुंपले ते सुटलेले नाही.

५. सर्वाधिक गर्दी कोणत्या सामन्याला झाली? आकडा खरा आहे का?

१९७६ सालच्या स्टर्ट विरुद्ध पोर्ट ॲडलेड या सामन्याला ६६,८९७ प्रेक्षकांची अधिकृत नोंद आहे. सामना वेस्ट लेक्स भागातील फुटबॉल पार्कवर झाला. ते मैदान तेव्हा अवघे दोन वर्षांचे होते. प्रत्यक्षात माणसे याहून बरीच जास्त होती असे तेथे असलेला प्रत्येक जण सांगतो, आणि त्या दिवसाची छायाचित्रे पाहिली तर त्या सांगण्यावर विश्वास ठेवावासा वाटतो : बसायला जागा न उरल्याने हजारो लोक कुंपणाच्या आत, हिरवळीवर, सीमारेषेला अगदी खेटून मांडी घालून बसले आहेत आणि चेंडू बाहेर गेला की तो थेट कोणाच्या तरी पुढ्यात पडतो आहे. खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यामध्ये फक्त चुन्याची एक रेघ उरली होती.

गर्दीचे कारणही होते. पोर्ट साखळीत अव्वल होता, सगळ्यांना तोच जिंकणार असे वाटत होते आणि १९६५ नंतर त्याला एकही विजेतेपद मिळाले नव्हते. स्टर्टचे प्रशिक्षक जॅक ओटी मात्र अशा दिवसांसाठीच ओळखले जात. स्टर्टने १७.१४ (११६) विरुद्ध १०.१५ (७५) असा ४१ गुणांनी सामना खिशात घातला. पोर्टची प्रतीक्षा दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९७७ साली, ग्लेनेल्गला आठ गुणांनी हरवून संपली.

ॲडलेड ओव्हलपुरते बोलायचे तर १९६५ सालच्या ग्रँड फायनलला ६२,५४३ लोक आले होते. जोडी हीच होती, निकाल उलटा : पोर्ट तीन गुणांनी विजयी. त्या पराभवाने पेटलेल्या स्टर्टने पुढची पाच वर्षे कोणालाच चषक घेऊ दिला नाही (प्रश्न ९ पाहावा).

६. १९७८ चा विषय निघाला की लोक अजून का भांडतात?

कारण त्या सामन्यात चांगला खेळलेला संघ हरला, निदान स्टर्टच्या पाठीराख्यांचे तसे ठाम मत आहे. निकाल असा आहे : नॉरवूड १६.१५ (१११), स्टर्ट १४.२६ (११०). प्रश्न २ मधला हिशेब येथे लावून पाहावा. स्टर्टने चाळीस वेळा खांबांचा वेध घेतला, नॉरवूडने एकतीस वेळा, तरीही एका गुणाने चषक गेला तो नॉरवूडकडे. सव्वीस बिहाइंड! त्यांतील एखादा चेंडू हातभर आत वळला असता तर पुढचा सगळा वाद जन्मालाच आला नसता.

त्या मोसमात स्टर्ट साखळीत फक्त एकदा हरला होता. तिसरे क्वार्टर संपले तेव्हा तो २९ गुणांनी पुढे होता, म्हणजे जवळजवळ पाच गोलांनी, आणि अशी आघाडी ग्रँड फायनलच्या शेवटच्या क्वार्टरमध्ये सहसा फिरत नाही. ती फिरली. बॉब हॅमंड यांच्या मार्गदर्शनाखालील नॉरवूडने एकेक गोल चढवत अंतर कापले आणि अखेरच्या मिनिटांत फिल गॅलाहर यांच्या हाती आलेला चेंडू पंचांनी मार्क म्हणून मान्य केला. त्या लाथेतून आलेला गोल निर्णायक ठरला. चेंडू नीट पकडला गेला होता की हातातून निसटला होता, हाच तो वाद. नॉरवूडचा माणूस सांगेल की मार्क स्वच्छ होता. स्टर्टचा माणूस खुर्चीवरून उठून दोन्ही हातांनी अभिनय करून दाखवेल.

आमच्या मते पंचांच्या एका निर्णयाला सगळा दोष देणे सोपे आहे, म्हणून तो दिला जातो. खरा निकाल त्या सव्वीसमध्ये आहे. पण हे वाक्य अनली उपनगरात मोठ्याने बोलू नये, कारण ते स्टर्टचे घर आहे.

७. ग्रॅहम कॉर्न्स यांच्या मार्कची गोष्ट काय आहे?

ती १९७३ सालची. समुद्रकाठच्या ग्लेनेल्गला १९३४ नंतर, म्हणजे ३९ वर्षे, विजेतेपद मिळाले नव्हते. १९६९ आणि १९७० या दोन्ही ग्रँड फायनल त्यांनी स्टर्टविरुद्ध गमावल्या होत्या. प्रशिक्षक नील कर्ली यांचा हा संघ त्या वर्षी साखळीत एकदाच हरला. समोर नॉर्थ ॲडलेड होता, सलग दोन वेळचा विजेता, आणि त्यात बॅरी रॉब्रन होते, ज्यांना या राज्याने पाहिलेला सर्वोत्तम खेळाडू मानणारे लोक आजही भरपूर आहेत.

सामना शेवटच्या मिनिटांपर्यंत हेलकावत राहिला. ग्लेनेल्ग मागे असताना गोलासमोरच्या गर्दीवरून उंच झेपावत कॉर्न्स यांनी मार्क घेतला आणि शांतपणे गोल करून संघाला पुढे नेले. अखेर २१.११ (१३७) विरुद्ध १९.१६ (१३०). दोन्ही संघ मिळून चाळीस गोल झाले. ग्रँड फायनलमध्ये दडपणामुळे खेळ आखडतो, असे मानणाऱ्यांनी हा सामना अवश्य पाहावा. कॉर्न्स पुढे ॲडलेड क्रोजचे पहिले प्रशिक्षक झाले, पण ग्लेनेल्गच्या जुन्या माणसासाठी त्यांची ओळख ती एक उडी.

८. गुणतक्त्यात खालच्या स्थानावरून कोणी जिंकले आहे का?

दोन उदाहरणे कायम सांगितली जातात आणि ती दोन वेगळ्या प्रकारची आहेत.

साउथ ॲडलेड १९६३ साली तळाला होता. पुढच्या वर्षी वेस्ट ॲडलेडमधून नील कर्ली प्रशिक्षक आणि खेळाडू म्हणून आले आणि त्याच संघाने १९६४ ची ग्रँड फायनल पोर्टविरुद्ध ९.१५ (६९) विरुद्ध ५.१२ (४२) अशी जिंकली. एका वर्षात तळातून शिखरावर. कर्ली यांनी वेस्टला १९६१ साली जिंकवले होते, ती ग्रँड फायनल इतक्या उकाड्यात झाली की तिला ‘टर्किश बाथ’ हेच नाव पडले. साउथच्या पाठीराख्यांना मात्र १९६४ ची आठवण फार जपून वापरावी लागली आहे, कारण त्यानंतर त्यांच्या वाट्याला विजेतेपद आलेले नाही.

दुसरे उदाहरण एकाच मोसमातल्या चढाईचे. बाद फेरीत पाच संघ घेण्याची पद्धत १९७३ पासून सुरू झाली, पण पाचव्या क्रमांकाच्या संघाला प्रत्येक सामना जिंकणे भाग असते. एक हार आणि घरी. १९८४ साली नील बाम यांच्या नॉरवूडने ते करून दाखवले आणि पोर्टला हरवून पाचव्या स्थानावरून जिंकणारा या लीगमधला तो पहिला संघ ठरला.

९. सर्वांत यशस्वी संघ आणि प्रशिक्षक कोण?

एकूण विजेतेपदांत पोर्ट ॲडलेड ३६ वर आहे. सलग विजेतेपदांत १९५४ ते १९५९ अशी सहा वर्षे पोर्टची. एकोणिसाव्या शतकात, ग्रँड फायनल नसण्याच्या काळात, नॉरवूडनेही १८७८ ते १८८३ अशी सहा घेतली होती. स्टर्टची १९६६ ते १९७० ही पाच त्यामागोमाग येतात.

प्रशिक्षकांत जॅक ओटी यांची दहा (नॉरवूडसह तीन, स्टर्टसह सात) आणि पोर्टचे जॉन काहिल यांचीही दहा. फॉस विल्यम्स यांची पोर्टसह नऊ. ओटी यांच्या नावाचे पदक १९८१ पासून ग्रँड फायनलमधील सर्वोत्तम खेळाडूला देतात. मॅगरी मेडल वेगळे. ते १८९८ पासून संपूर्ण मोसमातील सर्वोत्तम खेळाडूसाठी आहे.

सलग अंतिम सामने गाठण्याचा पराक्रम मात्र उत्तरेकडील एलिझाबेथच्या सेंट्रल डिस्ट्रिक्टचा. २००० ते २०११ अशा लागोपाठ बारा ग्रँड फायनल ते खेळले आणि त्यांतील नऊ जिंकले. १९६४ साली लीगमध्ये आलेल्या आणि २००० पर्यंत एकही विजेतेपद न मिळालेल्या कामगार वस्तीच्या संघासाठी हे केवढे आहे, हे ॲडलेडच्या भूगोलाची माहिती झाल्यावरच कळते.

१०. १९९० च्या ग्रँड फायनलमध्ये एवढी कटुता का होती? आणि पोर्ट एएफएलमध्ये गेला, तर मग इथे कोण खेळते?

त्या वर्षी हिवाळ्यात पोर्ट ॲडलेडने लीगला बाजूला ठेवून एकट्याने एएफएलमध्ये जाण्याचा घाट घातल्याचे उघड झाले. बाकी संघ खवळले, प्रकरण न्यायालयात गेले आणि पोर्टच्या विरोधात उभ्या राहिलेल्यांत ग्लेनेल्ग आघाडीवर होता. नियतीने ग्रँड फायनलमध्ये नेमकी हीच जोडी आणली. उरलेले अख्खे राज्य त्या दिवशी ग्लेनेल्गचे झाले होते असे म्हणायला हरकत नाही, तरी पोर्टने १६.१२ (१०८) विरुद्ध १३.१५ (९३) असा सामना जिंकला. एएफएलमधली जागा मात्र लीगने उभ्या केलेल्या ॲडलेड क्रोजला मिळाली आणि पोर्टला १९९७ पर्यंत थांबावे लागले.

पोर्टचा स्थानिक संघ मॅगपाइज या नावाने खेळत राहिला आणि १९९९ साली त्याने नॉरवूडला हरवून ३६ वे विजेतेपद मिळवले. २०१४ पासून पोर्टच्या एएफएल संघातले राखीव खेळाडू या लीगमध्ये उतरतात. त्या रूपात त्यांनी २०१४, २०१७ आणि २०१९ या तीन ग्रँड फायनल गाठल्या आणि तिन्ही गमावल्या. २०१७ साली तर स्टर्टकडून एका गुणाने. इतर संघांच्या पाठीराख्यांना या माहितीचा किती आनंद होतो, ते वेगळे सांगायला नको.

११. २००२ च्या विजयाबद्दल स्टर्टची माणसे हळू आवाजात का बोलतात?

१९७६ नंतर स्टर्टला विजेतेपद मिळाले नव्हते. १९९५ साली तर त्यांनी मोसमभरात एकही सामना जिंकला नाही. तेथून सावरत २००२ साली त्यांनी सेंट्रल डिस्ट्रिक्टला ग्रँड फायनलमध्ये हरवले आणि २६ वर्षांनी चषक अनलीला परतला. मोसम संपल्यावरच्या सहलीसाठी संघातली काही मंडळी बालीला गेली. विजयाला आठवडाही झाला नव्हता तोच १२ ऑक्टोबरला तेथे बॉम्बस्फोट झाले आणि त्यांत संघातला एक तरुण खेळाडू आणि संघाच्या सेवेत असलेले एक ट्रेनर मृत्युमुखी पडले. म्हणून त्या वर्षाचा आनंद आणि दुःख स्टर्टमध्ये कोणी वेगळे काढत नाही.

१२. एकोणीस खेळाडूंचा प्रकार खरा आहे का? मग तो निकाल रद्द का झाला नाही?

खरा आहे, मात्र तो ग्रँड फायनलचा नव्हे, त्याच्या आधीच्या फेरीचा. २०१८ साली वुडव्हिल-वेस्ट टॉरेन्सविरुद्ध शेवटच्या क्वार्टरच्या सुरुवातीला नॉर्थ ॲडलेडचे अठराऐवजी एकोणीस खेळाडू मैदानात होते आणि काही वेळ ते कोणाच्याच लक्षात आले नाही. नॉर्थने तो सामना पाच गुणांनी जिंकला. नियमानुसार प्रतिस्पर्धी कर्णधाराने खेळाडूंची मोजणी मागायची असते. तशी मोजणी त्या वेळी झाली नाही आणि नंतर झालेल्या सुनावणीत निकाल कायम राहिला. नॉर्थला दंड झाला आणि पुढच्या मोसमातले चार गुण कापले गेले. या लीगमध्ये एका विजयाचे दोनच गुण असतात, म्हणजे शिक्षा दोन विजयांची झाली.

पुढच्या आठवड्यात नॉर्थने नॉरवूडला हरवून ग्रँड फायनल जिंकली. फरक किती गुणांचा होता? एकोणीस. असा योग कोणी कथेत लिहिला असता तर संपादकाने खोडला असता.

१३. ग्रँड फायनल बरोबरीत सुटली तर?

पूर्वी सामना पुन्हा खेळवत. १९१९ साली स्टर्ट आणि नॉर्थ ॲडलेड बरोबरीत राहिले, फेरसामना झाला आणि स्टर्ट जिंकला. आता जादा वेळ खेळवतात. एका गुणाचे निकाल मात्र अधूनमधून लागतात : १९७८ (प्रश्न ६), २०१७ (प्रश्न १०) आणि २०२२, जेव्हा नॉरवूडने नॉर्थ ॲडलेडला हरवले.

१४. विजेत्यांच्या यादीत काही वर्षे गायब का आहेत?

पहिल्या महायुद्धामुळे १९१६ ते १९१८ या काळात लीग बंद होती. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४४ दरम्यान खेळाडू कमी पडल्याने शेजारचे संघ जोडून खेळवले गेले, उदाहरणार्थ नॉरवूड आणि नॉर्थ मिळून एक संघ, पोर्ट आणि वेस्ट टॉरेन्स मिळून दुसरा. त्या तीन वर्षांतही ग्रँड फायनल झाल्या, पण संघांच्या अधिकृत विजेतेपदांत त्या धरत नाहीत. जुन्या वैऱ्यांना एकाच रंगात खेळावे लागले, ही गोष्ट मात्र घराघरांत सांगितली गेली.

१५. सामने कोठे होतात? हे तेच क्रिकेटचे ॲडलेड ओव्हल का?

होय, तेच. १९७३ पर्यंतच्या बहुतेक ग्रँड फायनल ॲडलेड ओव्हलवर झाल्या. १९७४ ते २०१३ फुटबॉल पार्कवर. २०१४ पासून पुन्हा ओव्हलवर. मराठी क्रिकेटरसिकाला हे मैदान परके नाही. १९४८ च्या जानेवारीत सांगलीच्या विजय हजारे यांनी येथे ब्रॅडमन यांच्या संघाविरुद्ध एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके ठोकली आणि २००३ साली अजित आगरकर यांनी ४१ धावांत ६ बळी घेऊन भारताच्या विजयाची वाट मोकळी केली. ज्या टोकाकडे आगरकर धावत गेले, तेथेच सप्टेंबरमध्ये चार खांब उभे असतात.

१६. एकच जुना सामना पाहायचा असेल तर कोणता?

खेळासाठी १९७३, गर्दीसाठी १९७६. पण शेजाऱ्याशी बोलता यावे हा हेतू असेल तर १९७८ चे शेवटचे क्वार्टर पाहावे, आणि शेजारी नॉरवूडचा की स्टर्टचा हे आधी विचारून घ्यावे.